एक स्थळ, एक खिडकी

"काका, तुम्ही माणूस आहात की मशीन?"

इन्स्टाग्रामवर हा प्रश्न आला तेव्हा गुरुवारी सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि मी खारीचा अर्धा तुकडा चहाच्या कपात गमावून बसलो होतो. विचारणाऱ्या खात्याचं नाव होतं 'निळी छत्री'. फोटोच्या जागी एक मांजर.

मी लिहिलं, "माणूस. अरविंद खटावकर. वय सत्तावन्न. बोला."

"मग ते 'नमस्कार, आपला संदेश मिळाला, शुभमंगल होवो' कोण पाठवतं?"

"ते मशीन."

"बरं झालं. मला माणूसच हवा होता."

मी तेव्हा मिरजेत आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळात बसत होतो. मंगल कार्यालयाच्या जिन्याखाली एक खोली, तिच्यात एक टेबल, एक कॉम्प्युटर, आणि डोक्यावरून वऱ्हाडाची सतत ये-जा. त्याआधी तेहतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली होती. सुरुवातीला ट्रंक ऑपरेटर होतो. कानाला रिसीव्हर असायचा, पण दोघांचं बोलणं ऐकायचं नाही, ही तिथली पहिली शिकवण. ती मी पाळली असं छातीठोकपणे म्हणणार नाही, पण ऐकलेलं कुठं बोललो नाही.

कोरोनात समाजाचे मेळावे बंद पडले आणि सगळी स्थळं फोनवर आली. मंडळाच्या अध्यक्षा मंदाताई माळवदे यांना व्हॉट्सॲपच्या पुढचं काही येत नव्हतं, म्हणून मला बोलावलं. दोन वर्षांत माझा एक सिद्धांत तयार झाला होता. मुलीचे वडील व्हॉट्सॲपवर येतात, मामा फेसबुकवर, मुली इन्स्टाग्रामवर आणि परदेशातली मुलं टेलिग्रामवर. आया कुठंच येत नाहीत. त्या वडिलांच्या मागं उभ्या राहून काय लिहायचं ते सांगतात.

एकाच मुलीबद्दल वडील एक सांगायचे, मामा फेसबुकवर फोटोखाली भलतंच लिहून मोकळे व्हायचे, आणि मुलगी तिसरीकडंच विचारायची की मुलगा खरंच इंजिनिअर आहे का. मी चार खिडक्यांत डोकावून डोकावून घायकुतीला आलो होतो. शेवटी एक ॲप घेतलं. त्यात प्रत्येक स्थळाला क्रमांक द्यायचा आणि त्या स्थळाशी संबंधित सगळी खाती त्या क्रमांकाला जोडून टाकायची. मग कुणी कुठूनही लिहो, सगळं एकाखाली एक येतं. मला त्याचा केवढा अभिमान! भिंतीवर मी स्वतःच्या हातानं पाटी रंगवून लावली होती: 'एक स्थळ, एक खिडकी.' मंदाताई म्हणाल्या होत्या, "अरविंदभाऊ, रेल्वेचं तिकीट काढायला आल्यासारखं वाटतंय."

तर ही निळी छत्री.

"मी चारशे बारा नंबरची," तिनं लिहिलं.

मी यादी काढली. चारशे बारा: ऋजुता सुधाकर बोंगाळे. वय सत्तावीस, फिजिओथेरपिस्ट, मिरजेतच एका दवाखान्यात नोकरी. संपर्क वडिलांचा. आमच्याकडं मुलीच्या नावापुढं मुलीचा नंबर नसतोच. वडिलांचा असतो, वडील नसले तर भावाचा. सुधाकर बोंगाळे कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी फॉर्म भरतानासुद्धा माझ्याकडून पोच घेतली होती. स्थळ जमत आलं होतं. सोलापूरचे उंडाळे, मुलगा मिहिर, पुण्यात बँकेत. छत्तीसपैकी सव्वीस गुण.

"अभिनंदन," मी लिहिलं. "रविवारी सुपारी फोडायचीय ना तुमच्याकडं?"

"हो. मला हे स्थळ नकोय."

"बाबांना सांगितलंत?"

"बाबांना सांगता आलं असतं तर तुम्हाला कशाला लिहिलं असतं?"

उत्तर देईपर्यंत तिनं हे वाक्य पुसून टाकलं. मग दोन मिनिटांनी टेलिग्राम वाजलं. "इथं बोलते थोडं." तिथं चार ओळी आल्या, त्याही गेल्या. मग पुन्हा इन्स्टाग्राम. मी वैतागलो. टेबलाशी बसून दोन ठिकाणी मान वळवायची म्हणजे काय खेळ आहे?

"ताई, एका ठिकाणी लिहा की. मला सापडत नाही."

"सापडू नये म्हणूनच असं लिहितेय, काका."

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला असं मला वाटलं होतं. कळला नव्हता.

तुकडे जोडून जे समजलं ते असं. पंधरा दिवसांपूर्वी सांगलीत एका हॉटेलात दोघांची भेट झाली होती. मोठी माणसं पलीकडच्या टेबलावर. मिहिरनं आधी हवापाण्याचं विचारलं, मग म्हणाला, "फोन दे जरा." तिला वाटलं नंबर टाकतोय. त्यानं तो टेबलावर ठेवला आणि एकेक ॲप उघडून बघायला लागला. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फोटो, अगदी मैत्रिणींचे ग्रुपसुद्धा. मध्येच त्यानं डोसा मागवला. वीस मिनिटांनी फोन परत दिला आणि म्हणाला, "छान. काही नाही. लग्नानंतर आपण एकच खातं ठेवू, दोघांच्या नावाचं. सुटसुटीत."

"आई म्हणाली, बघितलं तर बघू दे, लपवण्यासारखं काय आहे? बाबा म्हणाले, मुलगा चौकस आहे. काका, मला त्या वीस मिनिटांत आयुष्य दिसलं हो."

मला दोन मुलगे आहेत, मुलगी नाही. पण ते वाक्य मी दोनदा वाचलं.

"तुम्ही लोक म्हणता ना, पत्रिका जुळत नाही," ती पुढं लिहीत होती. "तसं काहीतरी म्हणा. दोन्हीकडं. माझं नाव कुठं येऊ देऊ नका. बाबांना कळलं तर नोकरी सुटेल, फोन जाईल, आणि लग्न तर होईलच. वचन द्या."

मी वचन दिलं.

इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. लग्नाच्या बाजारात नकार कुणी देत नाही. मुलगी काळी वाटली, मुलाचा पगार कमी वाटला, सासू फटकळ वाटली, तरी तसं म्हणायचं नाही. म्हणायचं, "बाकी सगळं उत्तम हो, पण पत्रिका जुळत नाही." ऐकणाऱ्यालाही ते खोटं आहे हे ठाऊक असतं. पण ग्रहांचा राग कुणाला येत नाही, आणि उद्या त्याच माणसाच्या पंक्तीला जाऊन बसता येतं. मंदाताईंच्या भाषेत, झाकली मूठ सव्वा लाखाची.

मंदाताई दुपारी आल्या तेव्हा मी दार लोटून त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पर्स मांडीवर घेऊन ऐकलं.

"सव्वीस गुण जुळल्याचं मीच कळवलंय त्यांना, भाऊ. आता काय सांगू?"

"जन्मवेळ चुकली होती म्हणा. दुसऱ्या गुरुजींनी बघितली, एक नाड निघाली."

"तुम्ही तर पटाईत झालाय की!" त्या हसल्या. "खरंच वीस मिनिटं बघत होता?"

"डोसा खात खात."

"माझ्या धाकट्या जावेचं असंच झालं होतं. तेव्हा फोन नव्हते, पत्रं होती." त्यांनी पर्सची चेन उगाचच उघडली आणि लावली. "उद्या दुपारी करते उंडाळ्यांना फोन. दिगंबरराव सज्जन माणूस आहे, एक नाड म्हटलं की मागं सरकतील. ते स्वतःच मग बोंगाळ्यांना कळवतील. आपण मध्ये नाही. लेखी मात्र काही नको हं."

"नाही हो," मी म्हणालो.

त्या गेल्यावर मी एक काम केलं. नीटनेटक्या माणसाला सुचतं तेच. तिचं इन्स्टाग्राम आणि टेलिग्राम दोन्ही खाती सुटी होती; उद्या गडबडीत तिचा निरोप मला दिसलाच नाही तर? म्हणून मी ती दोन्ही चारशे बारा क्रमांकाला जोडून टाकली. एक स्थळ, एक खिडकी. जोडल्यावर बरं वाटलं. हात झटकून घरी गेलो.

शुक्रवारी चार वाजता मंदाताईंचा फोन आला. "झालं, भाऊ. दिगंबरराव म्हणाले, एक नाड असेल तर विषयच संपला. उद्या सकाळी बोंगाळ्यांना फोन करतो म्हणाले. सुटली पोरगी."

वर कार्यालयात कुणाच्या तरी साखरपुड्याची सनई लागली होती. मला इतका आनंद झाला की चष्मा न लावताच मी चारशे बाराची खिडकी उघडली. तिची सकाळची ओळ दिसली, "काका, काही कळलं का?" मी घाईघाईनं लिहिलं:

"पत्रिका जुळत नाही असं उंडाळ्यांना कळवलं आहे. ते मागं सरतील. तुमचं नाव कुठंही येणार नाही. निश्चिंत राहा."

पाठवलं. मग चष्मा लावला.

तिच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती. पाच मिनिटांपूर्वीची. "रविवारी उंडाळ्यांकडून नक्की किती माणसं येणार? त्याप्रमाणे केटररला सांगतो. सु. बोंगाळे." ते ॲप शेवटचा निरोप जिथून आला तिथंच उत्तर पाठवायचं. ते मला माहीत होतं. मीच मंदाताईंना ही सोय कौतुकानं दाखवली होती. कोपऱ्यात व्हॉट्सॲपचं हिरवं चिन्ह होतं आणि त्याच्या शेजारी दोन निळ्या खुणा.

पुसायला गेलो. त्या ॲपमधून पाठवलेलं आपल्या बाजूचं पुसता येत होतं, समोरच्याचं नाही. तिला टेलिग्रामवर कळवावं म्हणून बोट नेलं, पण लिहू काय? तेवढ्यात बोंगाळ्यांचा फोन वाजला. मी उचलला नाही. पुन्हा वाजला, पुन्हा नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिसऱ्यांदा वाजलाच नाही. त्याऐवजी पंधरा मिनिटांत बाहेर स्कूटर थांबली.

सुधाकर बोंगाळे आत आले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. समोरच्या खुर्चीत बसले, फोन टेबलावर ठेवला आणि निरोप माझ्याकडं फिरवला.

"हा निरोप कुणाचा?"

"माझा. चुकून आला तुमच्याकडं."

"चुकून आला ते दिसतंय. कुणाला जायचा होता?"

"दुसऱ्या एका स्थळाचा..."

"उंडाळे नावाची किती स्थळं आहेत तुमच्याकडं?"

मी कीबोर्ड बाजूला सारला.

"पत्रिका जुळते असं मंडळानंच सांगितलं. मग कुणीतरी जुळत नाही म्हणून कळवायला लावलं. ते 'तुमचं नाव' कुणाचं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. आयुष्यभर जप्तीचे कागद हाताळलेला माणूस. त्यांना आवाज चढवायची गरजच नव्हती. "माझ्या घरातलं आहे का कुणी?"

"नाही, नाही."

"मग कॉम्प्युटरचा पडदा फिरवा इकडं. चारशे बारा उघडा. एका खिडकीत सगळं दिसतं म्हणून तुम्हीच मला सांगितलं होतं फॉर्म भरताना." त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. "फिरवा की."

पडद्यावर चारशे बारा उघडंच होतं. त्यांच्या नंबराच्या वर तिची मांजर, तिच्या ओळी. इकडं लिहिलेलं तिनं तिच्या बाजूनं पुसलं होतं, पण माझ्या त्या सोयीस्कर ॲपनं प्रत्येक ओळ जपून ठेवली होती. डोसासुद्धा. तिनं दोन ठिकाणी तुकडे करून विखरून ठेवलेलं मी गोळा करून, क्रमानं लावून, बापाच्या नावाखाली ठेवलं होतं. पडदा नुसता वीतभर वळवायचा अवकाश होता. मी त्याच्या कडेवर हात ठेवून बसलो होतो.

दारात मंदाताई येऊन उभ्या राहिल्या होत्या. कधी आल्या कळलं नाही.

"भाच्यासाठी," मी म्हणालो.

"काय?"

"माझा भाचा आहे कराडला. बहिणीचा मुलगा. ऋजुताताईंचं स्थळ त्याच्यासाठी मनात होतं माझ्या. म्हणून हे मोडावं म्हटलं. निरोप मेव्हण्यांना जायचा होता, तुम्हाला आला."

हे कुठून सुचलं ते मला आजही सांगता येणार नाही. पण एकदा सुचल्यावर त्यातलं सगळं बसत गेलं. तुमचं नाव येणार नाही, निश्चिंत राहा. अगदी मेव्हण्यांना लिहावं तसं.

बोंगाळ्यांनी चष्मा काढला. रुमालानं पुसला. पुन्हा लावला.

"तुमच्या वडिलांचं आणि माझ्या वडिलांचं दुकान समोरासमोर होतं, खटावकर. गिऱ्हाईक तुमच्याकडं गेलं तरी माझे वडील त्याला पाणी द्यायचे." त्यांनी टेबलावरचा फोन स्वतःकडं ओढला. "जमलेल्या लग्नात मोडता घालणारा माणूस आमच्या समाजात कधी बघितला नव्हता मी."

मंदाताईंना सगळं कळलं होतं. त्यांनी माझ्याकडं एकदाच बघितलं आणि मग खाली मान घालून म्हणाल्या, "अरविंदभाऊ, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मला तेव्हा त्यांचा राग आला नाही. दुसरं त्या काय म्हणणार होत्या?

पोरगी वाचली, असं मला वाटलं. शपथेवर सांगतो, दोन-तीन मिनिटं मी मनातून चक्क खूश होतो. माझं नाव गेलं, जाऊ दे. वचन तर राखलं.

मग बोंगाळ्यांनी तिथंच बसून फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"दिगंबरराव, नमस्कार. मघाशी तुम्हाला पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं म्हणे. तसं काही नाही. मंडळातल्या माणसाची लबाडी निघाली, स्वतःच्या भाच्यासाठी. पकडलाय इथंच. पत्रिका जुळतेच आहे. रविवारी या. ठरल्याप्रमाणे."

पलीकडून सुटकेचा मोठा निःश्वास ऐकू आला. "अरे वा! वाटलंच मला. आमच्या मिहिरला कळवतो हं लगेच."

करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. पत्रिकेचं कारण खोटं आहे हे मीच सिद्ध करून दिलं होतं. आता ते लग्न मोडायला आकाशातले ग्रहसुद्धा उपयोगाचे नव्हते.

उठताना बोंगाळे म्हणाले, "रविवारी अकरा वाजता माझ्या घरी यायचं. चारचौघांत सांगायचं, जे मला सांगितलंत ते. नाही आलात तर मंडळाच्या सगळ्या सभासदांना मी लेखी कळवणार."

शनिवारी सकाळी टेलिग्राम वाजलं.

"काका, बाबा फार खुशीत आहेत. काय झालं?"

मी सगळं लिहिलं. चूक लिहिली, भाचा लिहिला, फोन लिहिला. काही लपवलं नाही. पलीकडं ती लिहितेय असं दिसत होतं, थांबत होतं, पुन्हा दिसत होतं. चांगली दहा मिनिटं.

"म्हणजे बाबांना माझं कळलं नाही?"

"नाही. तेवढं सांभाळलं."

"मग रविवार आहेच."

"आहे," मी लिहिलं. "मी खरं सांगू का त्यांना? तुम्ही म्हणत असाल तर आत्ता जातो."

पुन्हा ते लिहिणं, थांबणं. शेवटी आलं: "नको. काही सांगू नका, काका." आणि माझ्या डोळ्यांदेखत ते खातं तिथून नाहीसं झालं.

रविवारी मी गेलो. बायको म्हणाली, "दुखतंय म्हणून सांगा." पण मंदाताई रिक्षा घेऊन दारात आल्या होत्या. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "आपण दोघांनी तोंड उघडलं तर मंडळ गेलं, आणि पोरीची अब्रू गेली. झालं ते झालं." मी बाहेर बघत बसलो.

बोंगाळ्यांच्या दिवाणखान्यात वीसेक माणसं होती. सतरंजीवर पाट मांडलेला, ताटात नारळ, हळदीकुंकू, विडे, अख्खी सुपारी आणि अडकित्ता. मिहिर भिंतीला टेकून बसला होता. दिसायला चांगला, हसरा. मला त्यानं उठून पाणी आणून दिलं. तो राक्षस असता तर मला किती सोपं गेलं असतं!

ऋजुता आतल्या दाराशी आईच्या शेजारी बसली होती. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. लहान चणीची, हिरवी साडी, आणि दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले.

"बोला, खटावकर," बोंगाळे म्हणाले.

मी उभा राहिलो आणि हात जोडून सांगितलं. भाचा, कराड, एक नाड, माझी लबाडी. बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "भरवशाच्या म्हशीला टोणगा." मी माफी मागितली आणि बसायला वाकलो.

"थांबा जरा," दिगंबर उंडाळे म्हणाले. मंदाताई म्हणाल्या होत्या तसेच होते, मऊ आवाजाचे. त्यांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. "खटावकर, मी वयानं मोठा आहे तुमच्यापेक्षा. मला खरं सांगा. हे सगळं तुमच्याच मनातलं होतं? का मुलीच्या मनात काही आहे? असलं तर आत्ताच सांगा. सुपारी फुटायच्या आधी काय ते एकदा होऊन जाऊ दे. मी राग धरणार नाही."

बोंगाळ्यांची मान ताठ झाली.

"बाबा, कशाला?" मिहिर हसून म्हणाला. "मी बघितलंय ना सगळं. तिच्या मनात काही नाही."

तेव्हा ऋजुतानं मान वर केली आणि सरळ माझ्याकडं बघितलं. डोळे मोठे, ओठ किंचित उघडे. मी त्या बघण्यात एकच गोष्ट वाचली: वचन. काही सांगू नका, काका. एवढ्या माणसांत तिचं नाव माझ्या तोंडून निघालं तर तिचे वडील तिला काय करतील ते मला दिसत होतं. माझ्या जिभेवर खरं होतं. अगदी टोकावर होतं.

"माझ्याच मनातलं होतं," मी म्हणालो. "त्यांना काही माहीत नाही."

दिगंबररावांनी मान हलवली, अडकित्ता उचलला. कट्ट आवाज झाला. "फुटली, फुटली," म्हणून बायका हसल्या आणि एकमेकींना कुंकू लावायला उठल्या.

मला तिथून निघायचं होतं, पण लाडू-चिवडा घेतल्याशिवाय उठता येत नाही. मी कोपऱ्यात बसलो होतो, माझ्या शेजारी कुणी बसत नव्हतं. ऋजुताच बश्या घेऊन फिरत होती. माझ्यापाशी आली, वाकली, बशी हातात दिली आणि सोडली नाही.

"काका, मी वाट बघत होते," ती हळूच म्हणाली.

"कशाची?"

"तुम्ही सांगाल याची."

"अहो, तुम्हीच तर काल... सांगू नका म्हणालात."

"हो. म्हणाले मी." तिचा आवाज रडवेला नव्हता, हेच वाईट होतं. "नाही म्हणायचा धीर नाही माझ्यात, काका. कधीच नव्हता. पण त्यांनी विचारल्यावर तुम्ही सांगितलं असतं ना, तर मला नुसतं 'होय, खरं आहे' एवढंच म्हणायचं होतं. तेवढं जमलं असतं मला. तोंडात आलंही होतं." तिनं बशी सोडली. "लाडू आईनं केलेत. घ्या." आणि ती पुढच्या माणसाकडं गेली.

मार्गशीर्षात लग्न झालं, आमच्याच कार्यालयात. मी त्याआधीच मंडळ सोडलं होतं. भाच्याची बातमी कराडला पोहोचली आणि बहिणीनं दोन वर्षं भाऊबीजेला बोलावलं नाही. तिला खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही. समाजात लोक माझ्याशी बोलतात, पण घरात लग्नाचं मुलगा-मुलगी असेल तर विषय बदलतात. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तेहतीस वर्षं लोकांचं बोलणं जोडून देणारा माणूस मी, आणि माझ्यासमोर बसून ती माझ्याकडं बघत होती ते मला ऐकू आलं नाही.

या गोष्टीला चार वर्षं झाली. दर दिवाळीला मला एका खात्यावरून शुभेच्छा येतात. खातं दोघांच्या नावाचं आहे, 'मिहिर-ऋजुता'. फोटोत दोघं कुठल्याशा डोंगरावर उभे आहेत. शुभेच्छा छान असतात, पणतीचं चित्र असतं. एखादी ओळ तिला एकटीला लिहावी असं दर वर्षी वाटतं. पण त्या पणतीमागं कोण आहे, ती की तो, हे मला कळायला मार्ग नाही. मग मी लिहितो, 'आपणा उभयतांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा,' आणि पाठवून देतो.